पाया खोदताना अनपेक्षित खडक, पाणी किंवा जुना आड लागला तर : करारापासून बिलापर्यंत काय करावे

प्लॉटचा वरचा थर पाहून खालच्या जमिनीचा अंदाज बांधणे नाशिकमध्ये फार धोक्याचे आहे. दख्खनच्या बेसाल्टवर वसलेल्या या शहरात एका प्लॉटवर दोन-तीन फुटांवर काळा पाषाण लागतो, तर थोड्याच अंतरावर काळी माती संपता संपत नाही. गोदावरी आणि नासर्डीच्या काठालगत गाळ व पाणी लागण्याची शक्यता असते. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पडक्या वाड्यांचे दगडी पाये, बुजवलेले आड आणि धान्याची पेवे निघू शकतात, आणि नव्या वसाहतींत भराव टाकून सपाट केलेले नाले किंवा दगडखाणी. असे काही निघाले की वाढलेला खर्च आणि लांबलेले काम कोणाच्या माथी, हा प्रश्न उभा राहतो. खोदकामापूर्वी त्याचे उत्तर कागदावर आलेले नसेल, तर मालक आणि ठेकेदार यांचे कितीही चांगले संबंध त्या वेळी अपुरे पडतात.

आधी जमीन तपासून घ्यावी

लहान बंगल्यासाठीही निदान दोन-तीन चाचणी खड्डे घ्यावेत; ते कॉलमच्या नेमक्या जागी घेऊ नयेत, कारण बुजवलेला भाग पुढे सैल राहतो. बहुमजली इमारत असेल किंवा भरावाची शंका असेल, तर आयएस 1892 या भारतीय मानकाप्रमाणे बोअर घेऊन माती परीक्षणाचा अहवाल मागवावा. तपासणी उन्हाळ्यात झाली असेल तर पावसाळ्यात पाणी किती वर येते, हे शेजारच्या विहिरींवरून विचारून घ्यावे. जुन्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, हेही पाहावे. बिगरशेती झालेल्या जमिनीवरची विहीर बुजवली जाते आणि पुढच्या खरेदीदाराला तिचा पत्ताही नसतो.

हा अहवाल ठेकेदाराला दर देण्याआधीच द्यावा आणि मिळाल्याची सही घ्यावी. काही मालक अहवाल देतात आणि खाली ‘केवळ माहितीसाठी, जबाबदारी ठेकेदाराची’ असे लिहितात. माझ्या मते हे मालकाच्याही हिताचे नाही, कारण जाणता ठेकेदार तो धोका दरात धरतो, म्हणजे खडक लागला नाही तरी त्याचे पैसे मालकच भरतो. आणि अजाण ठेकेदार कमी दर देऊन मध्येच काम सोडतो.

करारात काय लिहावे

चौरस फुटाच्या दराने काम देताना कोटेशनमध्ये ‘पाया पाच फुटांपर्यंत’ अशी एक ओळ असते, आणि बहुतेक भांडणे त्या ओळीतूनच निघतात. पाच फूट कुठून मोजायचे, नैसर्गिक जमिनीपासून की रस्त्याच्या पातळीपासून, हे तिथे लिहिलेले नसते. म्हणून कायम राहणारी एक खूण, उदाहरणार्थ कंपाउंडच्या भिंतीवरची किंवा गटाराच्या चेंबरची, करारात नमूद करावी आणि सर्व खोली तिच्यापासून मोजावी.

त्यानंतर माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांचे खोदकामाचे दर वेगवेगळे लिहावेत. थर कोणता हे कोण ठरवणार, याचेही नाव घालावे; स्ट्रक्चरल इंजिनिअर हा त्यासाठी योग्य माणूस. मोजमाप खड्ड्यातच होईल, हे स्पष्ट लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे. फोडलेल्या दगडाचा ढीग मधल्या पोकळीमुळे मूळ खड्ड्याच्या दीडपटीच्या आसपास भरतो, त्यामुळे डंपरवर मोजलेले ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आणि खड्ड्यात मोजलेले ब्रास यांत मोठा फरक पडतो. दर खड्ड्याच्या ब्रासचा आणि बिल डंपरच्या ब्रासचे, असे झाले की हिशेब कधीच जुळत नाही. खडक फोडणारे ब्रेकर मशीन तासावर लावायचे असेल, तर तासांची रोजची नोंद दोघांच्या सहीने ठेवावी.

मोठ्या करारांत वापरल्या जाणाऱ्या, फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या रेड बुक या नमुना करारामध्ये 4.12 हे कलम नेमके याच विषयाचे आहे. अनुभवी ठेकेदाराला निविदा भरताना वाजवीपणे कळू शकली नसती अशी भौतिक परिस्थिती आढळली, तर त्याने सूचना द्यायची आणि त्याला वाढीव वेळ व खर्च मागता येतो. दाव्याच्या सूचनेसाठी 28 दिवसांची मुदत आहे. बंगल्याच्या कामात इतकी लांब मुदत चालत नाही. तिथे पुढील मजकूर पुरेसा ठरतो : ‘माती परीक्षण अहवालापेक्षा वेगळी परिस्थिती आढळल्यास ठेकेदार त्या भागातील काम थांबवून 24 तासांत लेखी कळवील, मालक व इंजिनिअर तीन दिवसांत पाहणी करतील, संयुक्त मोजमाप व लेखी मंजुरीशिवाय वाढीव रक्कम देय होणार नाही.’

प्रत्यक्ष काही निघाल्यावर

काम फक्त त्या भागात थांबवावे, बाकीचे चालू ठेवावे. खड्ड्याभोवती कठडा घालावा. पाणी असेल तर कडा ढासळण्याआधी उपसा आणि आधार यांची सोय करावी, त्यासाठी मंजुरीची वाट पाहू नये. त्याच दिवशी लेखी सूचना द्यावी. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवणे उपयोगाचे आहे, पण त्यासोबत तारीख, कॉलमचा क्रमांक, खोली आणि ‘करारातील अमुक कलमान्वये ही सूचना’ एवढे लिहिलेले पत्र किंवा ईमेलही हवाच.

मग संयुक्त मोजमाप. समजा सी-4 कॉलमच्या खड्ड्यात बुजवलेला आड निघाला. ठरलेल्या खुणेपासून लेव्हल घ्यावी, आडाचा व्यास दोन दिशांनी मोजावा, भराव कुठपर्यंत आहे ते सळई ठोकून पाहावे, आणि टेप व कॉलमचा क्रमांक दिसेल असे फोटो काढावेत. सर्व आकडे साइटवरच वहीत लिहून मालक, ठेकेदार व इंजिनिअर यांनी सह्या कराव्यात. इंजिनिअरचा निर्णय लेखी येईपर्यंत तो खड्डा दगडमातीने भरू नये; फूटिंग (कॉलमखालचा पाया) आडापासून बाजूला सरकवायचे, आड बीमने ओलांडायचा की आड साफ करून काँक्रीट भरायचे, हे त्यानेच ठरवावे.

जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर विषय कराराबाहेर जातो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. जुन्या गढीसारखी पुरातत्त्वीय उत्खनन झालेली जागा असलेल्या नाशिकमध्ये ही शक्यता अगदीच दूरची नाही.

पैसे आणि मुदत

वाढीव खर्च ठोक रकमेत मान्य करू नये. खोदकाम, उपसा आणि बदललेल्या डिझाइनचे काँक्रीट व लोखंड असे वेगवेगळे हिशेब मागावेत आणि मुदतवाढीचे दिवस स्वतंत्र ठरवावेत. वजावटही तितक्याच काटेकोरपणे पाहावी : चांगला कठीण खडक वरच लागला तर पायाची खोली कमी होते, आणि वाचलेल्या कामाचे पैसे मालकाला मिळाले पाहिजेत. ठरलेले सारे पुरवणी करारात लिहून, सह्या करून, मगच काम पुढे न्यावे.

करार याबाबत गप्प असेल तर ठेकेदाराची बाजू लंगडी असते. भारतीय करार कायदा 1872 चे कलम 56 अशक्य झालेल्या कामासाठी आहे; काम केवळ महाग पडले म्हणून त्यातून सुटका मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये अलोपी प्रसाद प्रकरणात स्पष्ट केले आहे. फुकट करण्याचा हेतू नसलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला कलम 70 खाली मागता येतो, परंतु ते काम करारातल्या दरातच धरलेले होते असे निघाले तर तोही मार्ग बंद होतो. रक्कम वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून सह्यांची वही, फोटो आणि पत्रे अंतिम बिल चुकते झाल्यावरही तेवढा काळ जपून ठेवावीत. प्रत्येक फूटिंगची प्रत्यक्ष खोली दाखवणारा नकाशा मात्र घराच्या कागदपत्रांतच लावावा, कारण वरचा मजला चढवताना इंजिनिअर तोच मागेल.