लॅपटॉप रेंगाळतोय? आधी डिस्क बघा, मग फॉन्ट काढून ठेवा

खानापुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका मराठीत, तहसीलदार कचेरीचे अर्ज कन्नडमध्ये. मराठी टायपिंगची श्रीलिपी आणि कन्नडची नुडी, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर. गेल्या पावसाळ्यात तो सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं घेऊ लागला. गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळत बसायचं.

नवा घ्यायचा विचार करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी सतत भरलेली दिसली तर रॅम, म्हणजे हीच मेमरी, वाढवा. माझी निम्मी रिकामी होती, पण काहीही उघडलेलं नसताना फाइली साठवणारी डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले, फरक जेमतेम पडला. आत जुनी हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. तिच्या जागी बसते ती एसएसडी, म्हणजे चिपवर फाइली साठवणारी नवी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती इतकी चपळ.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. माझ्यात पिवळं ‘कॉशन’, म्हणजे सावधानतेचा इशारा आला. असं दिसलं की बाकी सगळं सोडा, आधी फाइली दुसरीकडे उतरवा. मी तेवढं केलं म्हणून वाचले, कारण नव्या एसएसडीवर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करताना काम मध्येच अडकलं. जुन्या डिस्कचे काही भाग वाचलेच जाईनात. शेवटी विंडोज नव्यानं टाकलं.

आणि पत्रिका उघडली तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता गिचका! फाइली घेतल्या होत्या, फॉन्ट राहिले होते. जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीचे, नसतात. ते नसले की मजकूर वाचताच येत नाही. दोन दिवस त्यातच गेले. तुम्ही विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे सेटअप आधीच काढून ठेवा.

खरेदीला बेळगावला जाताना मॉडेल नंबर लिहून न्या, नाहीतर दुसरी खेप पडते. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी बसते. एम टू, म्हणजे छोट्या पट्टीसारखी एसएसडी असेल तर जोडणी साटा की एनव्हीएमई ही नवी, हे विचारा. दिसायला सारख्या, पण एकीच्या खाचेत दुसरी चालेलच असं नाही. बदलताना लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅटरी सोडवा. क्लोन मात्र चार्जिंग पूर्ण असतानाच सुरू करा, आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिन्याभरानं एका काकूंना थोरल्या मुलीच्या पत्रिकेतला मजकूर हवा होता, तो त्या जुन्या डिस्कवरच सापडला.