वृद्धाश्रमात रुजू होताय? आधी कागद काढू नका

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून इंदूरच्या एका वृद्धाश्रमात लागले आणि पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. रामबागेतून आलेल्या एका आजींना म्हटलं, "आजी, तुमचं लिव्हिंग विल करून ठेवू या." म्हणजे पुढे बोलता आलं नाही, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. संध्याकाळी सुनेचा फोन: "सासूबाईंकडून वसीयत लिहून घेताय का?" विल म्हणा, इच्छापत्र म्हणा, ऐकणाऱ्याला आधी घर आणि दागिनेच दिसतात. आता मी ते नावच घेत नाही. "तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर डॉक्टरांशी कोणी बोलायचं?" एवढंच विचारते. थोरल्या मुलाचंच नाव येईल असं धरून चालू नका. आजींनी भाचीचं घेतलं.

हे बोलणं सकाळच्या पोह्यांवर जमतं, बी.पी. मोजताना नाही. एक आजोबा आधी म्हणाले, "नळ्या नकोत." चार दिवसांनी म्हणाले, "नातीच्या लग्नापर्यंत चालतील." अशी अट त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. विसरभोळेपणा वाढताना दिसला तर मात्र रेंगाळू नका. हा कागद समज शाबूत असतानाच करता येतो.

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये अशा पत्राला मान्यता दिली, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. म्हाताऱ्या माणसाला कोर्टात कोण नेणार! 24 जानेवारी 2023 च्या आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मत बदललं तर पत्रही बदलता येतं. उपचार थांबवायचे की नाही, हे आश्रम ठरवत नाही. त्यासाठी रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळं बसतात. दुखणं कमी करणं, तोंड ओलं करणं, कूस बदलणं शेवटपर्यंत चालूच राहतं. नातेवाइकांना हे दोनदा सांगा, पहिल्यांदा कानावरून जातं.

आजोबांचा कागद नीट झाला होता. नातीचं लग्नही पार पडलं. मग एका रविवारी रात्री अडीचला त्यांना धाप लागली. कागद ऑफिसच्या कपाटात, किल्ली माझ्या घरी. सकाळी मी तो घेऊन पोचले तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते. मंडळं तर तरीही बसलीच असती. पण डॉक्टरांना रात्रीच त्यांचं म्हणणं कळलं असतं.

आता प्रत रात्रपाळीच्या फाइलीत, औषधांच्या चार्टमागेच असते. नेमलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये फोटोही. सोबत हिंदीतलं एक पान लावते, कारण रात्रपाळीच्या मावशींना मराठी वाचता येत नाही.