गॉथ आणि ख्रिस्ती धर्म : अर्ध्या तासाचा सेमिनार कसा बसवायचा

सोलापुरात हिस्ट्रीच्या पोरांना हा टॉपिक आला की निम्मी पोरं थेट इ.स. 410 पासून सुरू करतात, गॉथांचा राजा अलारिक आला, रोम लुटलं, विषय संपला. असं करू नका, लुटालुटीतच वेळ जातो आणि धर्माचं राहूनच जातं.

सुरुवात कैद्यांपासून करा. तिसऱ्या शतकात गॉथ लोक, म्हणजे जर्मॅनिक टोळ्या, डॅन्यूब नदीच्या पलीकडनं रोमन मुलखात धाडी घालायचे, पार आजच्या तुर्कस्तानातल्या कपाडोकियापर्यंत, आणि माणसं धरून न्यायचे, त्यात बरेच ख्रिस्ती होते. अशाच एका घराण्यातला वुल्फिला (कुठं उल्फिलास लिहिलेलं दिसेल, माणूस एकच). निकोमिडियाचा बिशप युसेबियस यानं त्याला बिशप केलं, सात वर्षांनी तिकडं छळ सुरू झाला तसा तो आपली माणसं घेऊन नदी ओलांडून रोमच्या हद्दीत आला. त्यानं गॉथिक भाषेसाठी लिपी बसवली, बहुतेक अक्षरं ग्रीकवरनं घेऊन, आणि बायबल त्या भाषेत आणलं. राजांची पुस्तकं तेवढी गाळली असं चर्चचा जुना इतिहासकार फिलोस्टॉर्जियस सांगतो, कारण गॉथ आधीच लढाईला टपलेले, त्यांना अजून कशाला चेव आणायचा! हे सांगाच, मागच्या बाकावरची पण मान वर करतात. आपल्या भाषेत प्रार्थना असण्याचं काय एवढं, हे मात्र समजावत बसू नका, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड ऐकणाऱ्या पब्लिकला ते माहिती असतं.

मग साबा, धर्मासाठी मेलेला गॉथ ख्रिस्ती. दोन मिनिटं द्या, जास्त नको. गॉथांचा सरदार अथानरिक याच्या काळात ख्रिस्ती म्हणजे रोमची माणसं असा संशय होता, म्हणून गावागावात नैवेद्याचं मांस सगळ्यांसमोर खायला लावायचे. गाववाल्यांनी आपली माणसं वाचवायला साधंच मांस नैवेद्याचं म्हणून पुढं केलं, तर हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाला मी खाणार नाही आणि जो खाईल तो ख्रिस्ती नाही. एकदा सरदारानं विचारलं ह्याच्याकडं मालमत्ता काय, तर अंगावरचे कपडे सोडून काही नाही, मग असल्या माणसाचा ना फायदा ना तोटा म्हणून हाकलून दिलं. शेवटी 372 मध्ये आजच्या रोमानियातल्या बुझाऊ नदीत बुडवून मारलं.

आता खरा मुद्दा, इथं निवांत थांबा. बोर्डावर चारच साल लिहा : 325, 376, 381, 589. 325 ला निकियाच्या धर्मपरिषदेत ठरलं की पिता (देव) आणि पुत्र (येशू) एकाच तत्त्वाचे, अरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता पुत्र खालचा, निर्माण केलेला. (आर्य वंशाशी ह्याचा काडीचा संबंध नाही, पहिल्याच मिनिटाला सांगून टाका नाहीतर प्रश्नोत्तरं तिकडंच भरकटतील.) पण पुढच्या रोमन सम्राटांपैकी कॉन्स्टँटियस आणि व्हॅलेन्स निकियाच्या बाजूचे नव्हते. हूणांच्या दबावानं 376 ला गॉथ डॅन्यूब ओलांडून आले तेव्हा गादीवर व्हॅलेन्सच होता, त्यांनी धरला तो पंथ सम्राटाचाच. दोन वर्षांत एड्रियानोपलच्या लढाईत त्याच गॉथांच्या हातून व्हॅलेन्स मेला, मग थिओडोसियस सम्राट झाला आणि 381 च्या परिषदेत निकियाचं मत पक्कं झालं. म्हणजे काल सरकारी असलेला पंथ आज पाखंड, गॉथ तिथल्या तिथंच उभे आणि रोम सरकलं! माझ्या मते सगळा विषय ह्या एका गोष्टीवर उभा आहे, कारण पुढं ती वेगळी श्रद्धाच त्यांची ओळख झाली, वेगळे चर्च, वेगळे बिशप, स्पेनमध्ये राजा रेकारेड कॅथलिक होऊन 589 ला टोलेडोच्या परिषदेत ते जाहीर होईपर्यंत.

410 बद्दल कुणीतरी विचारणारच. तेव्हा सांगा की लुटताना सुद्धा पीटर आणि पॉल यांच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना सोडलं होतं, लुटणारे पण ख्रिस्तीच होते.

शेवटची पाच मिनिटं चांदीच्या बायबलला ठेवा, कोडेक्स आर्जेंटियस, म्हणजे वुल्फिलाच्याच गॉथिक बायबलची हस्तलिखित प्रत. सहाव्या शतकात इटलीत लिहिलेलं, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीची आणि सोन्याची शाई, आता 188 पानं उरलीत, त्यातलं एक 1970 ला जर्मनीत श्पायरला सापडलं, बाकी स्वीडनमध्ये उप्सालाला. नेटवर फोटो मिळतात. प्रोजेक्टर नसेल तर प्रिंट काढून फिरवा, पण कलरच काढा, झेरॉक्समध्ये सगळं पान काळं येतं.