मे महिन्याचं ऊन जुलैत नडतं: वराहपालनात या चुका टाळा

पाऊस पडला, हवा गार झाली, तरी जुलै-ऑगस्टमध्ये माद्या उलटतायत (गाभण न राहता परत माजावर येतायत) म्हणजे नरच बाद झाला असं धरून तो विकून टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नराचं वीर्य तयार होऊन बाहेर यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे मे अखेरीस बसलेला तडाखा दोनेक आठवड्यांनी दिसायला लागतो आणि पुढे दीड-दोन महिने पुरतो, तोवर ऊन विसरलेलं असतं आणि आपण खुराकाला नावं ठेवत बसतो. आधी वीर्य डॉक्टरकडून मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, खराब निघालं तर त्याला थोडे आठवडे बाजूला ठेवून परत तपासा, बरेच नर सावरतात. ताप येऊन गेलेल्या नराचंही हेच.

तोवर बाहेरून सिमेन (दुसऱ्या नराचं वीर्य) आणून काम चालवत असाल तर ते घरच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवू नका!! गाई-म्हशींच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात म्हणून हेही जितकं गार तितकं बरं असं वाटतं, पण डुकराचं ताजं सिमेन 16-18 अंशांत टिकतं, फ्रिजच्या 4 अंशांत वाया जातं.

आता पाण्याचं. डुकराला घाम जवळपास येतच नाही, आणि पिल्लं पाजणारी मादी दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पिते. टाकी पत्र्यावर उन्हात आणि पाइपही उघडा, मग दुपारी दोनला पाणी प्यायचं निपल (दाबल्यावर पाणी सोडणारी तोटी) दाबून बघा, हाताला चटका बसतो, ती बिचारी पिणार काय? पाणी पीत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून दुधावर अंगातलं मांस झडतं, आणि पिल्लं दुधावरून तोडल्यावर 4-7 दिवसांत यायचा माज लांबतो नाहीतर येतच नाही. टाकीवर सावली करा, पाइप पुरा किंवा गोणपाट गुंडाळा. निपलची धारही बघा, लिटरची बाटली अर्ध्या मिनिटात भरली पाहिजे. खुराक दुपारी टाकूच नका, पहाटे आणि रात्री द्या, न खाल्लेला आंबट व्हायच्या आत काढा.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत भारी चालतो, कोकण-गोव्यात मात्र बंद शेडमध्ये लावला तर नुसती वाफ कोंडते, तिकडे पंखा आणि मानेवर ठिबक बरं. अंग भिजवायचं, वाळू द्यायचं, परत भिजवायचं.

माज दुपारी तपासणं हा तर वेळेचा अपव्यय, उन्हात माज दबका असतो. पहाटे आणि संध्याकाळी, नर जवळ आणून, पाठ दाबून बघा, कान ताठ करून खांबासारखी उभी राहिली की समजायचं. नर दाखवून किंवा सिमेन देऊन भरवल्यावर पहिला महिना तिला हलवू नका, दुसऱ्या कळपात घालू नका. आणि 21 व्या दिवशी माज नाही दिसला म्हणून गाभण धरून मोकळं होऊ नका, गर्भ थोडा उशिरा जिरला तर ती 25 ते 38 दिवसांच्या मध्ये कधीतरी उलटते.

फक्त सगळं उन्हाच्या माथी मारू नका. गर्भपात झाले, सुकलेली पिल्लं पडली, किंवा लहान माद्यांची योनी लाल होऊन सुजली तर डॉक्टरला बोलवा, शेवटच्या प्रकारात बुरशी आलेला मका आधी बंद करा.