इंदूरला मुक्कामासाठी हॉस्टेल कसं निवडावं

आधी ठरवा, रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत जाणार का? जाणार असाल तर भाड्याच्याही आधी हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं ते विचारा. सोन्या-चांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, जिलबी, थंडीत गराडू (तळलेला कंद) असं सगळं मांडलं जातं आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. दहाला कुलूप घालणारं हॉस्टेल कितीही स्वस्त असलं तरी इंदूरला कामाचं नाही.

मग जागा. खाणं आणि राजवाडा हाच बेत असेल तर पायी परतता येईल असं बघा. उज्जैन, ओंकारेश्वर करायचं असेल तर स्टेशन आणि सरवटे बसस्टँडच्या आसपास राहा, दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. धार-मांडूच्या गाड्यांसाठी गंगवाल स्टँड. विजयनगर नवं, मोकळं आहे, पण सराफ्यातून रात्री परत जायला रिक्षा लागेल.

शोधताना नुसतं ‘हॉस्टेल’ टाकलंत तर भंवरकुव्याकडची विद्यार्थ्यांची, महिन्याच्या हिशोबाची हॉस्टेलं समोर येतील. ‘बॅकपॅकर’ किंवा ‘डॉर्म’ (एका खोलीत अनेक पलंग) जोडा. अभिप्राय गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा, त्यातही बाथरूम आणि ढेकूण हे शब्द हुडका. फोटो नवेपणीचे असतात.

आता फोन करा, हे टाळू नका. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस सकाळी पोचते आणि खोली बहुधा दुपारी मिळते. मधल्या वेळात सामान ठेवून अंघोळ करता येईल का? महिलांची डॉर्म वेगळी आहे का, तिचं बाथरूमही वेगळं आहे का? इंदूरचाच पत्ता असलेलं आधारकार्ड चालेल का? बऱ्याच ठिकाणी स्थानिकांना खोली देत नाहीत, त्यामुळे इथल्या मावशीचा मुलगा सोबत राहणार असेल तर हे नक्की विचारा.

पोचल्यावर पैसे भरण्याआधी पलंग दाखवा म्हणा. गादीच्या शिवणीची कड उलटून बघा; काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, खोली बदलून मागा. उशाशी चार्जिंगचा पॉइंट, पडदा आणि लॉकर हवाच. कुलूप मात्र घरून न्या.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला येणार असाल तर राजवाड्याजवळची जागा होळीच्या कितीतरी आधी धरा, आणि त्या दिवशी रिक्षा दारापर्यंत येते का तेही विचारून ठेवा.