डाएट सोडलं, पण ते डोक्यातून गेलंय का? या चुका टाळा

फ्रिजवर चिकटवलेला तक्ता फाडला, कॅलरी मोजणारं अ‍ॅप फोनमधून काढलं, 'आता भूक लागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच खाणार' असं घरात जाहीरही केलं. पंधरा दिवसांत चिवड्याचा डबा तळाला गेला, पँट कमरेला रुतायला लागली आणि 'आपल्याला नाही बुवा हे जमत, परत कुणीतरी चार्ट द्या' इथवर मजल आली. इंट्युइटिव्ह ईटिंग, म्हणजे तक्ता न पाळता शरीराची भूक आणि पोट भरल्याची खूण ओळखून खाणं, करून बघणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी १९९५ साली ही पद्धत मांडली. तिची दहा तत्त्वं आहेत. आपल्यापर्यंत रील्समधून पोचली ती त्यातली फार तर दीड: मनाला येईल ते खा आणि जमलं तर पोट भरल्यावर थांबा. बाकीची साडेआठ वाटेत गळाली, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या गळतीतून होतात.

अर्धपोटी शरीराच्या भुकेवर भरवसा ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून तिला जरा जास्त जागा देऊया.

वर्षानुवर्षं कधी भात-पोळी जवळजवळ बंद करणारं कीटो, कधी सोळा तास उपाशी, कधी दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण, असं करत आलेल्या माणसाची भूक सरळ वागत नाही. दिवसभर ती गप्प असते आणि संध्याकाळी सातला एकदम खा-खा सुटते. अशा वेळी 'शरीराचं ऐका' म्हटलं तर शरीर एकच सांगतं, घरात असेल नसेल ते सगळं आण.

यात शरीराचं काही चुकत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं ते त्यांना शोधायचं होतं, आणि हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरी मिळत. आज जिममधून हातात ठेवले जाणारे कित्येक चार्ट १,२०० कॅलरींचे असतात, हे इथे जरूर आठवा. हळूहळू त्या तरुणांना खाण्याशिवाय दुसरा विषय सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताट चाटून पुसून ठेवू लागला. भरपूर जेवण पुन्हा सुरू झाल्यावर तर काहींचं पोट तुडुंब भरलं तरी भूक भागेना.

वजन घटवल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि 'साठा पुरेसा आहे' असं मेंदूला कळवणारं लेप्टिन घटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर वर्ष उलटलं तरी हे बदल पुरते ओसरलेले नव्हते. तेव्हा 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही' हे स्वतःचं निदान आधी मागे घ्या.

उपाय ऐकायला उलटा वाटेल: सुरुवातीचे काही आठवडे चक्क घड्याळाने जेवा. सकाळी पोटभर नाश्ता, दुपारी पूर्ण जेवण, पाचच्या सुमाराला चहा-बिस्किटाऐवजी खरं खाणं, म्हणजे थालीपीठ, उकडलेलं अंडं किंवा केळं आणि मूठभर शेंगदाणे, आणि रात्री पुन्हा जेवण. मध्ये तीन-चार तासांहून मोठी फट नको. ऑफिसच्या डब्यात दोन फुलके आणि काकडी नेणाऱ्याचे पाय संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी थबकणारच. दोष वड्याला देतात, खरा घोळ दुपारच्या डब्यात असतो. त्यात उसळ किंवा डाळ, भात आणि वर चमचाभर तूप येऊ द्या, मग स्टेशनवर काय होतं बघा.

अन्न वेळेवर मिळणार याची शरीराला खात्री पटली की बारीक भूकही जाणवू लागते: पोटात किंचित पोकळी, उगाच चिडचिड, कामावरून उडालेलं लक्ष. पोटात कावळे ओरडेपर्यंत थांबलात तर मग हात आवरत नाही.

वजनकाट्याला विचारून खाणं

दर सोमवारी काट्यावर उभं राहून 'लागू पडतंय का' बघत असाल तर तुम्ही अजून डाएटच करताय. या पद्धतीत वजन उतरेल असं वचन कुठेही नाही. कुणाचं उतरतं, कुणाचं वाढतं, कुणाचं जागच्या जागी राहतं. त्याचीच आशा धरून आला असाल तर निराश व्हाल, हे आधीच सांगितलेलं बरं. काटा माळ्यावर टाका. झोप कशी लागते, जेवणानंतर सुस्ती किती येते, दिवसातले किती तास डोक्यात खाण्याचे हिशेब चालतात, याकडे बघा.

काही जण भुकेचा एक ते दहा असा आकडा मांडतात. सवय लागेपर्यंत ठीक आहे. पण 'भूक चारवर असताना खाल्लं, आज नियम मोडला' अशी नोंद वहीत व्हायला लागली की वही बंद करा. मैत्रिणीच्या वाढदिवसाला भूक नसताना केक खाणं हेसुद्धा नॉर्मल खाणंच आहे.

अर्धीमुर्धी परवानगी

'आज खाऊन घेते, उद्यापासून बंद.' मनात हे वाक्य असेल तर श्रीखंडावर आडवा हात मारला जाणारच. मराठी घरात पहिला बळी जातो तो भाताचा. आठवडाभर भाताकडे बघायचं नाही आणि रविवारी आमटीबरोबर कुकर रिकामा करायचा, मग म्हणायचं, 'भात समोर आला की माझा ताबाच राहत नाही.' रोज वाटीभर भात ताटात असता तर रविवारचं एवढं अप्रूप राहिलं नसतं.

मे महिन्यात घरात हापूसची पेटी येते तेव्हा काय होतं ते आठवा. पहिल्या दिवशी चार-चार आंबे उडतात. पेटी तळाला आली की 'कापू का रे?' असं विचारत फिरावं लागतं. एखादा पदार्थ मुबलक आणि बिनधास्त मिळाला की त्याची ओढ उतरते. ज्याची सगळ्यात भीती वाटते असा एकच पदार्थ निवडा. तो घरात ठेवा, जेवणाबरोबर ताटात वाढून, बसून खा. ओट्याशी उभं राहून डब्यातून खाल्लेलं मोजलंही जात नाही आणि चवही कळत नाही. मात्र फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम सगळं एकदम भरून ठेवू नका. एकाची भीती गेली की मग दुसरा.

'मग पोषणाचं काय?' असं कुणी विचारेलच. पोषण त्या दहांत आहे, पण अगदी शेवटी. आधीच्या नऊंना बगल देऊन थेट नाचणी, चिया आणि सॅलडवर उडी मारलीत तर नव्या नावाचा तोच तक्ता फ्रिजवर परत येतो.

आपल्या ताटाचा निर्णय दुसऱ्यावर सोडणं

परदेशी सल्ल्यांत जेवणारा माणूस एकटा असतो. आपल्याकडे शेजारी वाढणारी काकू असते. 'एवढंसंच घेतलंस? माझ्या हातचं आवडत नाही वाटतं' यावर पोट भरल्याची सबब चालत नाही. चालतं ते असं: 'काकू, मसालेभात फक्कड झालाय, आत्ता खरंच जागा नाही. डब्यात द्या, सकाळी खाईन.' कौतुकही होतं आणि पानात टाकावंही लागत नाही. पहिल्यांदा थोडंच वाढून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा 'घे गं'ला हो म्हणता येतं.

याहून अवघड गोष्ट बायकांची. सगळ्यांना गरम पोळ्या करून वाढायच्या, मग अडीचला स्वतः बसायचं आणि मुलांनी ताटात टाकलेलं, पातेल्यात उरलेलं 'वाया नको' म्हणून संपवायचं. भूक बाराला लागून मेलेली असते आणि पोट भरल्यावरही उरलेला भात समोर असतो. इथे बाईला भुकेचे संकेत शिकवून काय होणार? एकत्र बसायचं, पोळ्या आधी करून ठेवायच्या, उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करायचा, हे घरानेच ठरवायला हवं.

उपवासात डाएट लपवणं

श्रद्धेने केलेला उपवास वेगळा. पण 'संकष्टी आहेच, तेवढंच पोट कमी होईल' असा हिशेब असेल तर चंद्रोदयाची वाट बघत रात्री नऊनंतर ताटावर तुटून पडणं ओघानेच येतं. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. काही महिने उपवास करायचा की नाही ते देवाला विचारून ठरवा, कमरेला विचारून नको.

आजार आणि औषधं विसरणं

खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, जेवणच टाळत राहणं किंवा लपूनछपून अनावर खाणं होत असेल तर लेख वाचून प्रयोग करू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर 'भूक नाही, आज जेवत नाही' हे धोक्याचं आहे, कारण औषध आपलं काम करतंच आणि साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर आणि अचानक भूक असं एकत्र आलं तर आधी साखर तपासा. लगेच तपासता येत नसेल तर वाट न बघता साखरपाणी घ्या. जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलायचं असेल तर डोसबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. ग्लुकोमीटर घरात असेलच, तर त्याचा एक चांगला उपयोग होतो: नुसता भात आणि उसळ-कोशिंबिरीबरोबरचा भात, दोन्हींनंतर दोन तासांनी साखर मोजा आणि ते आकडे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.