कॅरिबियनला मैत्रिणीसोबत पहिल्यांदाच जाताय?

रिसॉर्टचे फोटो नंतर, आधी नकाशा बघा. साधारण एप्रिल ते ऑगस्ट सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ वाहत येतं, किनाऱ्यावर त्याचे ढीग साचतात आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, मेक्सिकोतलं तुलुम अशा पूर्वेकडच्या किनाऱ्यांना हा त्रास जास्त. जमैकाच्या पश्चिम टोकाचं नेग्रिल बऱ्यापैकी वाचतं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. सुट्टी तेव्हाच मिळणार असेल तर अरुबा किंवा कुरासाओ ही दक्षिणेकडची बेटं बघा. वादळं सहसा त्यांच्या उत्तरेकडून जातात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो. आणि हो, ‘दोन वेगळे बेड’ हे रिसॉर्टकडून ईमेलवर लिहून घ्या, नाहीतर हनिमूनवाल्यांचा एकच ऐसपैस पलंग मिळायचा!